ढग, मोटारी आन मशिनीतली अंडी

गावात मला झिरो म्हणतेत. झिरो म्हणजे झिरो वायरमन. खरा वायरमन एकच असतो. त्याला पगार असतो, कमरेला पट्टा असतो, आन त्याच्या अंगावर इतकी गावं असतेत की तो कोणत्याच गावात घावत न्हाई. मंग त्याच्या जागी गावातला जो माणूस खांबावर चढतो, फ्यूज बांधतो आन शिव्या खातो, तो झिरो. तो कागदावर कुठंच नसतो. आमच्या लोहा तालुक्यात आसं एक बी गाव न्हाई की जिथं झिरो न्हाई.

मी ह्या धंद्यात कसा आलो म्हणाल तर शिक्षण काईच न्हाई. दुसरीत गुरुजींनी पाढे म्हणायला उभं केलं, तवा मी खिडकीतनं जे बाहेर गेलो ते आजून आत आलो न्हाई. पण चिंचेच्या झाडावर माज्याइतकं बिगीन कोणी चढत न्हवतं. गावानं इचार केला, झाड काय आन खांब काय, सारखंच. पयल्यांदा लाईन बंद करून मला खांबावर चढवलं. वर गेल्यावर खाली बघितलं तवा कळलं की झाडाला फांद्या असतेत. मी खांबाला जी मिठी मारली, ती तासभर सोडली न्हाई. खाली निम्मं गाव जमा. एक म्हातारा म्हणला, "काय गेलंय रं वर? फ्यूज गेलाय का?" दुसरा म्हणला, "फ्यूज चांगला हाय. झिरो गेलाय."

तर आसा मी. पण एक काम माज्या हातनं लई मोठं झालं, आन तेच पुढं माज्या गळ्यात आलं.

पूर्वी शेतीची लाईट कवा यायची ह्याचा भरवसा न्हवता. माणूस हिरीवर झोपायचा, लाईट आली की उठून मोटार चालू करायचा. मंग बाजारात ऑटो स्विच आला. स्टार्टरच्या पेटीत बसवायचा एवढासा डबा. लाईट आली की तो आपलाआप मोटार चालू करतो. माणूस घरी घोरत पडलेला आन शिवारात पाणी चालू. मी नांदेडहून पिशवी भरभरून ते ऑटो आणायचो आन हिरी-हिरीवर बसवायचो. शिवारात शंभराच्या आसपास मोटारी असतील, त्यातली एक बी सोडली न्हाई. लोकांनी मला च्या पाजला, भजे खाऊ घातले. एका सासुरवाशिणीनं तर हळदी-कुंकवाला बोलवायचं तेवढं बाकी ठिवलं व्हतं.

त्यानंतर गावच्या गायरानात सोलर आलं. सबस्टेशनच्या बाजूलाच. काळ्या काळ्या प्लेटा, रांगेनं, समद्या एकाच बाजूला तोंड करून, जशी सभा भरलेली. आमच्या शेतीच्या लायनीला दिवसा तिथली लाईट मिळायला लागली. रातचं पाणी द्यायचं बंद झालं, साप-इच्चू टळले, लोक खूश. मी बी पारावर बसून लोकाला समजावून सांगायचो. "काई अवघड न्हाई. ऊन हाय तवर लाईट हाय. ऊन गेलं की लाईट गेली. मधी साहेब न्हाई, कोळसा न्हाई, कुणाची मर्जी न्हाई." लोक माना हलवायचे. मी बी हलवायचो. त्यातलं निम्मं बी खरं न्हवतं हे मला कळायला बायकोची अंडी लागली.

ते बी सांगतो.

माजी बायको रेणापूरकडची. धावीपर्यंत शिकलेली, म्हणजे आमच्या घरातलं शिक्षण समदं तिच्याकडंच. तिचे वडील कॅनॉलवर पाटकरी व्हते. कोणाच्या शेताला पाणी कवा सोडायचं आन कवा तोडायचं हे बघणारा माणूस. त्या माणसाची लेक, तवा घरात बी कोणी किती बोलायचं आन कवा थांबायचं हे तीच ठरवती. गावातल्या दहा बायांचा बचत गट हाय, त्याची ती अध्यक्षीण. गटानं लातूरहून अंडी उबवायची एक जुनी मशीन आणली. कपाटाएवढी पेटी, आत बल्ब, पंखा, पाण्याची ताटली, आन बाहेर एक काच, त्यात किती गरम हाय ते दिसतं. सदतीस आन वर अर्धा, एवढं पायजे. एकवीस दिवस तेवढंच पायजे. कमी झालं तर पिलं गारठून मरतेत, जास्त झालं तर आतल्या आत शिजतेत.

मशीन आमच्याच घरी ठिवली, कारण घरात वायरमन हाय. पयल्या येळेला बायांनी घरोघरची गावरान अंडी आणून भरली. आठव्या दिवशी एक बल्ब गेला. बायको माहेरी गेलेली. मी म्हणलं, बिचारी येईपर्यंत कशाला थांबायचं. घरात हॅलोजनचा मोठा बल्ब पडून व्हता, तो लावला. उजेड काय पडला राव, मशीन म्हणजे लग्नाचा मांडव. दुसऱ्या दिवशी बायको आली, तिनं झाकण उघडलं, आन एक अंडं फोडून माज्यासमोर धरलं. वरनं मीठ-तिखट टाकलं असतं तर खाता आलं असतं.

गटाची बैठक झाली. मला बाहेर बसवलं व्हतं, पण कुडाला कान लावून समदं ऐकलं. गटात एक मावशी हायेत, बोलायला लई फटकळ. त्या म्हणल्या, "ह्या येळेला बी अंडी वाया गेली तर मशीन लातूरला वापस. आन अध्यक्षीणबाई, मंग तुमी बी गट सोडा. घरच्या माणसाला आवरता येईना, गट काय आवरणार?"

बायको वही उचलून निघाली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणली, "आजपासून मशिनीच्या चार हात लांब राहायचं. इकडून गेलात तरी हात मागं बांधून जायचं." मी तसंच जायला लागलो. पाहुणे इचारायचे, "ह्यांच्या हाताला काय झालंय?"

दुसऱ्या येळेला दोनशे अंडी भरली. तिनं दिवसातनं तीनदा अंडी फिरवली, पाणी बदललं, वहीत लिहिलं. एकोणीस दिवस एकदम सुरळीत गेले. इसावा दिवस उजाडला तो भादव्यातला. पावसानं पंधरा दिवस दडी मारलेली, सोयाबीनच्या शेंगा भरायला आलेल्या, म्हणून शिवारात समद्यांच्या मोटारी चालू. आन वर आभाळात ढग. पाडणारे न्हाई, नुसते फिरणारे. घटकेत ऊन, घटकेत सावली.

आमचं घर गावात न्हाई, शेतातल्या वस्तीवर हाय. म्हणून आमची लाईट शेतीच्या लायनीवरची, दिवसा सोलरची, रातीला वरनं घरापुरती येती. दहा वाजता एक मोठा ढग आला. मशिनीचा पंखा जरासा हळू झाला, बल्ब पिवळा पडला, आन लाईट गेली. पाच-सात मिनिटात आली. ती आली की चारी बाजूनं शिवारात मोटारींचा 'घूंऽ' असा आवाज उठला, आन परत लाईट गेली. परत आली, परत घूं, परत गेली. आसं चारदा झालं. अकरा वाजता बायकोनं मशिनीवर घरातल्या समद्या गोधड्या टाकल्या व्हत्या. काचेत सदतीसचं पस्तीस झालं व्हतं.

"आवो," ती म्हणली, "आजचा आन उद्याचा दिवस हाय. आत पिलं तयार हायेत. कान लावला तर टुक टुक आवाज यायलाय. तुमी वायरमन हायेत ना? जावा की सबस्टेशनला. का निस्ते चार हात लांब उभे राहणार?"

मी फटफटी काढली. मनात ठरवूनच गेलो की सोलरवाल्याची आज जिरवायची. बाहेर चांगलं ऊन पडलं व्हतं. ऊन हाय तवर लाईट हाय, हे मी समद्या गावाला सांगितलेलं. मंग ऊन असताना लाईट जाती कशी?

सबस्टेशनवर एक ऑपरेटर मॅडम असतेत. लातूरच्या. माज्या लेकीच्या वयाच्या, पण तिथल्या मोठमोठ्या कपाटांम्होरं उभ्या राहिल्या की मला गुरुजींची आठवण येती. मी दारातनंच सुरू केलं.

"मॅडम, ऊन कसं पडलंय बगा. प्लेटा तापून राहिल्यात. आन लाईट न्हाई! ही लाईट चालली कुठं?"

"मामा, बूट काढून या," त्या म्हणल्या.

मी बूट काढले. निम्मा राग तिथंच उतरला, कारण मोज्याला अंगठ्याएवढं भोक व्हतं.

"सोलर एकटं चालत न्हाई," मॅडम म्हणल्या. "लाईन जित्ती असली तरच ते तिच्यात लाईट टाकतं. लाईन गेली की ऊन कितीबी असू द्या, ते आपणहून बंद होतं. न्हाईतर खांबावर चढलेला माणूस मरंल. तुमच्यासारखा."

"मी आता चढत न्हाई," मी म्हणलं.

"चांगलं करता. आन लाईन परत आली तरी सोलर लगीच येत न्हाई. पाच मिनिटं बघतं. लाईन टिकती का न्हाई ह्याची खात्री करतं, मंग येतं."

"मंग बघू द्या की पाच मिनिटं. आडवलंय कोण?"

"तुमचं गाव," त्या म्हणल्या. "या इकडं. हा काटा दिसायलाय? तुमच्या शिवारासाठी वरच्या मोठ्या लायनीतनं किती लाईट वढली जाती ते हा दाखवतो. मी आता लाईन चालू करते. काट्याकडं बगा."

त्यांनी कपाटावरचा दांडा फिरवला. 'धाड' आवाज झाला. काटा थोडा हलला, आन दुसऱ्या श्वासाला जो उडाला तो पार शेवटाला जाऊन आपटला. परत 'धाड'. लाईन गेली.

"बघितलं? मोटार चालू होताना पाच-सहा पट वढती. एक-एक करून चालू झाल्या तर काई न्हाई. तुमच्या गावात शंभर मोटारी एकाच सेकंदाला उठतेत. सोलर आजून पाच मिनिटं लांब हाय. समदं वझं एकट्या ह्या लायनीवर. मामा, पंगतीत समदे एकदम 'भात, भात' म्हणून वरडले तर वाढप्या काय करंल?"

"पातेलं ठिवून पळंल."

"तसा माजा ब्रेकर, लाईन तोडणारा खटका, पळायलाय. ढग आला, सोलर कमी झालं, तेवढ्यानं एकदा लाईन गेली, ते एकदाच. बाकीच्या चार येळा ह्या ऑटोनं गेली. मला एक सांगा, तुमच्या गावात एवढे ऑटो कोणत्या गाढवानं बसवलेत?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. लई चांगलं कॅलेंडर व्हतं.

"मामा?"

"ते गाढव बूट काढून आलंय, मॅडम," मी म्हणलं.

त्यांनी हसू दाबलं आसं मला वाटलं, पण दाबलं न्हवतं. चांगल्या खळखळून हसल्या. मी इचारलं, "पण ऑटो तर पूर्वी बी व्हते. तवा आसं होत न्हवतं."

"तवा बी व्हायचं, पण कमी. तुमी तेलाचं इंजन चालवलंय का?"

"चालवलंय की. त्याच्या चाकात एकदा माजा गमछा गेला व्हता. त्याच्यामागं मी बी चाललो व्हतो."

"मंग तेल बंद केलं तर चाक लगीच थांबायचं का?"

"छ्या! किती येळ तरी फिरायचं. गमछ्याचा धागा-धागा मोकळा झाला तवा थांबलं."

"कोळशाच्या लाईटमागं तसलीच चाकं असतेत, घराएवढी. एकदम वढलं तर ती जराक दम धरतेत, तेवढ्यात तिकडं वाफ वाढवता येती. सोलरला चाकच न्हाई. आता पुढं पुढं सोलरच वाढणार हाय. मोठ्या मोठ्या बॅटऱ्या येणार म्हणतेत, येतील तवा येतील. तवर हा दम कुणीतरी धरावा लागंल. चाक धरत न्हाई तर माणसानं धरावा."

माज्या डोक्यात निस्ती अंडी. मी त्यांना घरची समदी हकीकत सांगितली. हॅलोजनचं बी सांगितलं. त्यांनी साहेबाला फोन लावून इचारलं, आन मला म्हणल्या, "साहेब म्हणलेत, अर्धा तास लाईन बंद धरा. तेवढ्यात समदे ऑटो बंद करून घ्या. मंग मी लाईन चालू करते. सोलर आत येईपर्यंत कोणी मोटारीला हात लावायचा न्हाई, पुढं थोड्या-थोड्या चालू करायच्या. पण आता एकदा जरी लाईन पडली, तर तपासायला माणसं येईपर्यंत चालू करता येणार न्हाई. म्हणजे सांज झालीच समजा."

सांज म्हणजे पिलं गेली. पिलं गेली म्हणजे मशीन गेली, आन बायको गटातनं गेली. ती आयुष्यभर काई बोलली नसती, आन तेच वाईट.

फटफटी मारत शिवारात गेलो. पयल्याच हिरीवर माजा चुलत भाऊ. म्हणलं, "दादा, ऑटो बंद कर."

"का?"

"समद्या मोटारी एकदम उठतेत, त्यानं लाईट जाती."

"आरं, बसवताना तूच म्हणला व्हतास ना, ऑटो म्हणजे घरजावई, सांगावं लागत न्हाई, आपलाआप काम करतो?"

"म्हणलो व्हतो. आता सांगतो, घरजावई काढ."

"आन मी बंद केला, बाकीच्यांनी न्हाई केला, तर पाणी त्यांचं आन शेंगा माज्या वाळायच्या? आधी त्यांचं बंद कर, मंग ये."

दुसऱ्याकडं गेलो. तो बी तेच. तिसरा म्हणला, "झिरो, आज कोणती मस्करी काढलीस?" मी म्हणलं, "मस्करी न्हाई, खरं हाय." तो म्हणला, "तू खरं बोलायलास? थांब, फोटो काढतो." जन्मभर लोकाला हसवलं त्याचं हे बक्षीस. पंधरा मिनिटात एकूण ऑटो बंद झाले तीन. त्यातल्या एकाच्या हिरीला पाणीच न्हवतं.

तोंड पाडून बायकोला फोन लावला. समदं सांगितलं. काटा, पंगत, पाच मिनिटं, समदं. ऑटो कोणी बसवले ते सांगायची गरज पडली न्हाई, तिला माहीत व्हतं. तिनं समदं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "म्हणजे पाण्याच्या पाळीवानीच हाय की हे."

"कशी काय?"

"आमचे बाबा कॅनॉलचं पाणी सोडायचे तवा समद्यांची दारं एकदम उघडली तर कुणालाच पाणी जात न्हवतं. पाट फुटायचा. म्हणून शेवटच्या शेताला आधी सोडायचे, मंग मागं मागं येत यायचे. शेवटाला असतो त्याच्याकडं जोर कमी, म्हणून त्याची पाळी पयली. तुमी आता कोणाला काई सांगू नका. तुमचं कोणी ऐकणार न्हाई. सबस्टेशनला जाऊन काट्यापशी बसा, आन मला फोनवर सांगत राहा. बाकीचं मी बघते."

तिनं गटातल्या नऊ बायांना एकाच येळेला फोनवर घेतलं. मला पुढचं नंतर कळलं. दहा घरच्या दहा बाया, आन दोनशे अंडी त्यांचीच. त्यांच्या सासवा, जावा, नणंदा धरल्या तर शिवारातलं एक घर सुटत न्हवतं. डोक्यावर पदर घेऊन ज्या निघाल्या त्या हिरी-हिरीवर जाऊन उभ्या. माज्या चुलत भावानं वैनीला इचारलं म्हणे, "बाकीच्यांनी बंद केलेत का?" वैनी म्हणली, "बाकीच्यांचं नंतर. तुमचा तुमी करता का मी करू? मला कोणती वायर हाय ते माहीत न्हाई, मी समद्याच वढीन." दादानं ऑटो बंद केला. त्या फटकळ मावशींनी तर एकट्यांनी चौदा मोटारी गप केल्या, आन परत येताना कोणाच्यातरी बांधावरची भेंडी तोडून आणली.

इकडं मी सबस्टेशनला परत बूट काढून काट्यापशी. फोन कानाला, बायकोनं बायांच्या त्याच फोनवर मला बी जोडलेलं. अर्धा तास भरला. बायको म्हणली, "सांगा मॅडमना, झालं."

मॅडमनी माज्याकडं बघितलं. "नक्की ना मामा?"

"माजी बायको म्हणली. मी म्हणलो असतो तर तुमी इश्वास ठिवला नसता तरी चाललं असतं."

'धाड' झालं. काटा हलला. जरासा वर आला. आन तिथंच थांबला.  एक मिनिट गेलं, दोन गेली. पाचव्या मिनिटाला बाजूच्या कपाटावरचा दुसरा काटा हळूच उठला. "सोलर आलं," मॅडम म्हणल्या. मी ते फोनात वरडून सांगितलं. मॅडमनी कानावर हात ठिवले.

"शेवटची डीपी चालू करा," बायकोचा आवाज फोनातनं, पण ती माज्याशी बोलत न्हवती. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्या शिवारात सहा हायेत, एकेकावर पंधरा-सोळा मोटारी. वढ्याच्या पल्याडची शेवटची. काटा वर गेला, जरा डुलला, बसला. मंग पाचवी, मंग चौथी. मॅडम नुसतं "हं" म्हणायच्या, मी फोनात "हं" म्हणायचो, तिकडं एक डीपी चालू व्हायची. आयुष्यात एवढं महत्त्वाचं 'हं' मी कवा म्हणलो न्हवतो.

तिसऱ्या डीपीच्या येळेला बायको अचानक थांबली. "आवो, पयल्या डीपीवर कोणाची तरी मोटार आधीपासूनच चालू हाय. कोणाची हाय ती?" फोनात बायांची गडबड ऐकू आली. मंग मावशींचा आवाज, सबस्टेशनातल्या उंदराला बी ऐकू जाईल आसा: "अध्यक्षीणबाई, ही तर तुमच्याच हिरीवरची!"

खरंच व्हती. शंभर हिरी पालथ्या घातल्या आन आपलीच इसरलो. आन वरनं चोरीला जाऊ नये म्हणून माजा ऑटो मी पेटीच्या आतल्या बाजूनं लपवून बसवला व्हता, तो कोणाला सापडंना. मला फोनवर सांगावं लागलं की पेटीच्या आत, मागच्या बाजूला, डावीकडं, काळ्या चिकटपट्टीच्या खाली. दहा बाया एकदम हसल्या तर फोन कसा थरथरतो ते त्या दिवशी कळलं. मॅडम तिकडं तोंड करून पाणी प्यायला गेल्या.

दुसरी डीपी चालू झाली तोच खिडकीतनं सावली आली. मोठा ढग. सोलरचा काटा खाली यायला लागला, आन लायनीचा वर. मॅडमचं हसू गेलं. "मामा, पयली डीपी चालू करू नका म्हणा. आन दोन डीप्या बंद करा. लगीच. ढग जाईपर्यंत."

"दोन डीप्या बंद!" मी वरडलो. "लगीच!"

तिकडनं बायकोचा आवाज एकदम थंड. तिच्या बापाचा आसाच असावा. "दुसरी आन तिसरी, बंद करा गं. चौथी-पाचवी-सहावीवाल्यांनी चालू ठिवा, ते टेलला, शेवटाला हायेत. घाबरू नका, तुमची पाळी मघारी मिळंल." कोणी तरी बाप्या माणूस मधी बोलला, "माजा वाफा अर्धाच भरलाय की!" ती म्हणली, "भाऊजी, अर्धा वाफा उद्या भरतो. मेलेलं पिलू उद्या उठत न्हाई."

लायनीचा काटा तांबड्या रेषेपशी आला. मी माजी पाचबी बोटं दातात घातली. काटा तिथं उभा राहिला. कापत राहिला, पण पडला न्हाई. मॅडमचा हात दांड्यापशी, माजे दात बोटात. किती येळ गेला ते ठाऊक न्हाई. मंग खिडकीतनं ऊन आलं, माज्या मोज्याच्या भोकावर पडलं, आन सोलरचा काटा वर चढायला लागला.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "मामा," त्या म्हणल्या, "तुमच्या मंडळींना इथं नोकरी मिळंल का बघते."

"मला बगा की."

"तुमाला बघितलंय," त्या म्हणल्या.

त्या दिवशी सांजेपर्यंत ढग आठ-दहा येळा आले. प्रत्येक येळेला बायांनी दोन डीप्या थांबवल्या, ढग गेला की चालू केल्या. लाईन एकदा बी पडली न्हाई. घरी गेलो तवा मशिनीच्या काचेत सदतीस आन अर्धा. गोधड्या घडी घालून ठिवलेल्या. बायको मशिनीम्होरं फोन मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपलेली. मी चार हात लांब उभा राहिलो. कान लावायची गरजच न्हवती, टुक टुक तिथवर येत व्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फुटायला लागली. दुपारी गटाच्या समद्या बाया टोपल्या, डालगे घेऊन आल्या. बायकोनं एक-एक पिलू काढून मोजलं. दोनशेतनं एकशे बासष्ट निघाली. मावशींनी दोनदा मोजायला लावलं, मंग म्हणल्या, "अध्यक्षीणबाई, पुढची अंडी कवा भरायची ते सांगा." मशीन लातूरला पाठवायचं कोणी काढलं न्हाई. उलट तिथंच बसून ढगाच्या दिवशी कोणत्या डीपीची पाळी कवा, हे बायकोनं वहीत लिहून काढलं, आन बायांनी त्यावर अंगठे आन सह्या केल्या. ऑटो काढायचं काम मला लागलं. शंभर हिरी, फुकट. च्या बी न्हाई.

बाया गेल्यावर बायको मशीन पुसायला बसली. कोपऱ्यात एक अंडं राहिलेलं, जरासं टवका उडालेलं. ती म्हणली, "ह्यात जीव हाय. जरा दम धरू." बाहेर परत आभाळ भरलेलं, सोलरवर सावली, पण बल्ब काई हलला न्हाई. शिवारातनं एक-एक मोटार थांबल्याचं ऐकू येत व्हतं, कुणी न सांगता. दोघं बसून राहिलो. लई येळानं अंडं फुटलं, आन आतनं एक वलं, काळपट, मान वाकडी झालेलं पिलू बाहेर पडलं, आन पडल्या पडल्या उलटं झालं.

बायकोनं त्याला तळहातावर घेतलं, सरळ केलं, नीट बघितलं.

"काय ध्यान दिसायलंय," ती म्हणली. "एकदम तुमच्यावानी."

"उशिरा आलंय ना, म्हणून," मी म्हणलं.

तिनं ते माज्या हातात दिलं.